चार रविवार, १२०० रुपये आणि खुणेच्या विटा

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये 'प्राचीन पेरू : बांधकाम आणि सत्ता' हा चार रविवारांचा वर्ग केला. मी बांधकाम खात्यातला निवृत्त ओव्हरसिअर. सूनबाईंनी परस्पर नाव घातलं, म्हणून गेलो. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी विचार करावा.

पहिला रविवार प्रोजेक्टरने खाल्ला.

दुसऱ्या रविवारी पैसे वसूल. मोचे लोकांनी उत्तर किनाऱ्यावर उभारलेला हुआका देल सोल हा पिरॅमिड. कच्च्या विटा, अंदाजे १३-१४ कोटी! मॅडमनी विटांचा फोटो मोठा केला आणि मी खुर्ची सोडून पडद्यापाशीच गेलो. विटांवर ओल्या मातीतच काढलेल्या खुणा, शंभराहून जास्त प्रकारच्या. एका खुणेच्या विटा भिंतीच्या एकाच उभ्या पट्ट्यात. एकेका गावाने भरलेली ही वेठ, असा संशोधकांचा तर्क. मला तो लगेच पटला. ७२च्या दुष्काळी कामावर मीही प्रत्येक टोळीला चौकडी, म्हणजे खणायचा चौकोन, वेगळी आखून द्यायचो, नाहीतर मापाच्या वेळी भांडणं ठरलेली. मोचे लोकांकडे लिपी नव्हती, मग विटेवरच हजेरी.

तिसऱ्या रविवारी चिमू राज्याची राजधानी चान चान. मातीच्या उंचच उंच भिंतींचे वाडे, आत शिरायला उत्तरेकडून एकच दार, मग वळणावळणाचे बोळ. कोठारांच्या आसपास इंग्रजी 'यू'च्या आकाराच्या छोट्या खोल्या. कोठारात काय जातं-येतं यावर तिथून नजर ठेवत असावेत, म्हणे. म्हणजे आमच्या स्टोअरकीपरचं टेबलच की! पण दाखवलेल्या नकाशावर ना स्केल, ना उत्तर दिशा. अहो, सगळा मुद्दा उत्तरेच्या दाराचा, आणि उत्तर कुठे तेच कळेना. मी तसं बोललो. दोघं-तिघं हसले.

शेवटी इंका. हुआनुको पांपा या त्यांच्या शहराजवळच्या टेकडीवर ओळीने सुमारे ५०० कोठारं. इंका कामाला बोलावत, पण कामकऱ्यांना सरकारी कोठारातून खायला घालत, मक्याची दारूही पाजत. आम्ही दुष्काळी कामावर सुकडी हा कोरडा खाऊ वाटायचो, तीही संध्याकाळपर्यंत पुरत नसे.

चहा पाणचट. वर्ग मात्र जरूर करा. चौथ्या रविवारी मॅडमनी चान चानच्या नकाशावर पेनने उत्तरेचा बाण काढून आणला होता. स्केल अजून नाही.