अल्झायमर: अमायलॉइड काढायचं की दाह आवरायचा?

अल्झायमरवरच्या संशोधनात आज दोन वाटा ठळक दिसतात. पहिली जुनी: मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन काढून टाका. लेकानेमॅब या औषधाने १८ महिन्यांच्या चाचणीत स्मृती आणि विचारशक्तीच्या ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. मात्र काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते, सूक्ष्म रक्तस्राव होतो.

दुसरी वाट दाहाची, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशींच्या लांबलेल्या प्रतिक्रियेची, आणि मला ती जास्त खोल वाटते. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या राखणदार पेशी. सुरुवातीला त्या अमायलॉइड गिळून जागा साफ करतात. पण वर्षानुवर्षं चेतलेल्याच राहिल्या, की त्यांच्यातून स्रवणारी रसायनं चेतापेशींनाच इजा करू लागतात. २०१३ मध्ये याच पेशींत काम करणाऱ्या ट्रेम-२ जनुकातले दुर्मीळ बदल आजाराचा धोका वाढवतात हे समोर आलं. त्यानंतर दाहाला नुसता परिणाम म्हणणं अवघड झालं.

उपचारांत मात्र ही वाट मागे आहे. नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब यांसारखी नेहमीची दाहशामक औषधं चाचण्यांत उपयोगी ठरली नाहीत. दाह सरसकट दाबला तर सफाईही मंदावू शकते. म्हणूनच आता शोध आहे तो वेळेचा: या पेशींना बळ कधी द्यायचं, आणि शांत कधी करायचं.