टोकियोत सावध राहा: देवळाजवळचा नकली भिक्खू आणि काबुकिचोमधला दलाल

टोकियोत दुकानदार आरोळी देतात, पण रस्त्यावर येऊन कुणी ओढत नाही. देवळात दक्षिणेसाठी कुणी मागे लागत नाही. त्यामुळे आपली माणसं इथे लवकर निर्धास्त होतात, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

पहिला प्रकार देवळांच्या आसपासचा. असाकुसा, उएनो, हाराजुकू अशा गर्दीच्या जागी भिक्खूच्या वेशातला माणूस हसत समोर येतो आणि काही कळायच्या आत हातात सोनेरी छापाचं पातळ कार्ड ठेवतो, मनगटात मण्यांची माळ सरकवतो. मग वही उघडतो. त्यात नावं, देश आणि पुढे रकमा लिहिलेल्या असतात, सगळ्या हजारांत. सुटी नाणी दिली तर तो मान हलवतो आणि वहीतल्या आकड्यावर बोट ठेवतो. भगवं वस्त्र दिसलं की आपला हात आपसूक खिशाकडे जातो, म्हणून आपण सोपं सावज ठरतो.

खरा भिक्षू ओळखणं अवघड नाही. तो रुंद गवती टोपी घालून, हातात वाडगा धरून एका जागी उभा राहतो आणि मंत्र पुटपुटतो. तो पाठलाग करत नाही, रक्कम सांगत नाही. शिवाय मेइजी जिंगूसारखं जिंजा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान, भिक्षू बौद्ध. जिंजाच्या नावाने पावती फाडणारा भिक्षू दिसला तर तिथेच समजून जा. मेइजी जिंगूच्या मुख्य आवारात जायला तिकीट नाही. दानपेटीत पाच येनचं नाणं पुरतं, कारण पाच येन म्हणजे ‘गो-एन’ आणि ऋणानुबंधालाही तोच शब्द. ताईत हवा असेल तर आवारातल्या खिडकीवर किंमत लिहून ठेवलेली असते, बहुतेकदा पाचशे ते हजार येनच्या आसपास. माळ हातात पडलीच असेल तर तिथल्या तिथे परत करा आणि न थांबता चालू लागा.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. शिंजुकूत हानाझोनो जिंजाच्या शांत आवारातून निघून ‘गोल्डन गाई’ नावाच्या चिमुकल्या बारांच्या बोळांतून पुढे आलं की काबुकिचो, म्हणजे बार-क्लबांची वस्ती लागते. तिथल्या दलालांना ‘क्याच्ची’ म्हणतात आणि अशा लुटीला ‘बोत्ताकुरी’. तुम्ही शोधत असलेलं हॉटेल भरलंय, आमची दुसरी शाखा जवळच आहे, दोन तास हवं तेवढं प्या, तीन हजार येन फक्त, असं तो सांगतो. बिलात मात्र बसण्याचे पैसे, शनिवार-रविवारचा आकार, सेवाशुल्क आणि सोबत बसलेल्या मुलीची पेयं असं सगळं माणशी चढवलेलं असतं. दलालांच्या मागे जाऊ नका, असं तिथे भोंग्यावरून सतत सांगतात. ते ऐका. (साध्या इझाकायात, म्हणजे जपानी खाण्या-पिण्याच्या बारमध्ये, न मागता येणारी छोटी वाटी, ‘ओतोशी’, आणि तिचे तीनशे-पाचशे येन ही मात्र फसवणूक नाही, ती रीत आहे.)

अडकलात तर कार्ड हातातून सोडू नका. ‘मेइसाई’, म्हणजे तपशीलवार बिल, मागा आणि ‘कोबानमध्ये जाऊन बोलू’ म्हणा. कोबान म्हणजे पोलीस चौकी, दारावर लाल दिवा असतो. बिलाचा वाद आपसात मिटवा, असं पोलीस बऱ्याचदा सांगतात, पण त्यांच्यासमोर दमदाटी थांबते. दार अडवलं, हात लावला तर 110 फिरवा. पेयात गुंगीचं औषध घालून कार्ड वापरल्याचे प्रकार काबुकिचो आणि रोप्पोंगीत झालेले आहेत, म्हणून ग्लास सोडून उठू नका.

निघण्याआधी भारतातच बँकेच्या ॲपमध्ये परदेशातल्या व्यवहारांची मर्यादा कमी करून ठेवा आणि खरेदीच्या दिवशी तेवढीच वाढवा. पिन स्वतः टाकलेला असला की नंतर बँकेकडून पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. आणि दुकानात मशीनने ‘रुपये की येन’ विचारलं तर येनच निवडा; रुपयांतला दर जवळजवळ नेहमी महाग पडतो.