नाशिकहून सिल्वासा : सत्तांतराचा मागोवा घेणारी दोन दिवसांची अभ्यास-सहल

दमणगंगा आपल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते, सह्याद्री उतरून, सिल्वासा जिथे आहे त्या नगर हवेलीतून वाहते आणि दमणजवळ समुद्राला मिळते. नाशिकमधील एका अभ्यासगटाने गेल्या डिसेंबरात या खोऱ्याची सहल नेली होती. माणशी साडेचार हजार रुपयांत प्रवास, मुक्काम, जेवण आणि एक टिपण-पुस्तिका मिळाली. पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा सीमेवरच्या लोकांनी ते सत्तांतर कसे स्वीकारले, हा सहलीचा घोषित विषय होता आणि त्यासाठीच मी नाव नोंदवले.

पुस्तिका उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. नगर हवेली १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली ती सरंजाम म्हणून, म्हणजे पेशव्यांनी १७७९ च्या तहानुसार केवळ महसुलाचा हक्क दिला होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० च्या निकालात हेच ग्राह्य धरले आणि पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी ते मानल्यामुळे प्रस्थापित झाले, असे म्हटले. हे वाचताना मला प्रथमच जाणवले की, ज्या गावकऱ्यांवरचे राज्य असे बदलले, त्यांना ते नेमके कोणत्या दिवशी बदलले हे सांगणेही अवघड गेले असते.

१९५४ चा भाग मार्गदर्शकांनी तळमळीने सांगितला. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, आणि त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडकेही होते. त्यानंतर सात वर्षे हा प्रदेश ना पोर्तुगालच्या ताब्यात होता ना भारतात विलीन झालेला. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांना एका दिवसापुरते या प्रदेशाचे पंतप्रधान नेमले गेले. ही हकिकत सिल्वासातच ऐकण्याचे समाधान काही वेगळेच होते.

परंतु माझी मुख्य तक्रारही येथेच आहे. या प्रदेशात बहुसंख्येने राहणारे वारली, कोकणा आणि धोडिया लोक या साऱ्या कथनात जवळजवळ आलेच नाहीत. त्यांच्या दृष्टीने सत्तांतराचा खरा प्रश्न जमिनीचा होता. पोर्तुगीजांनी दिलेले अल्वारा नावाचे जमीनपट्टे झेंडा उतरल्यावरही राहिले आणि ते रद्द करणारा जमीन सुधारणा कायदा १९७१ मध्ये आला. राज्य बदलले आणि जमिनीची मालकी मात्र तशीच राहिली, तर शेतावर राबणाऱ्या माणसाने त्या बदलाचे स्वागत कशाच्या आधारावर करावे? या प्रश्नाला परतीच्या बसमध्ये जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली, तर बागेत आणि तळ्याकाठी दोन तास गेले. आदिवासी संग्रहालयही घाईने उरकले.

जमिनीची ही ओढ केवळ हवेलीपुरती नाही. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या हद्दीतील १६२ वेढलेले भूभाग बदलून घेतले, तेव्हा बांगलादेशाने वेढलेल्या भारतीय भूभागांतील सुमारे ३७ हजार रहिवाशांपैकी हजाराहूनही कमी जणांनी भारतात येणे निवडले. बहुतेकांनी आपले घर, शेत आणि शेजार न सोडता नवे नागरिकत्व पत्करले. असे एखादे उदाहरण पुस्तिकेत असते, तर १९५४ कडे वीरकथेपलीकडे पाहता आले असते.

आमच्यासोबत पेठ तालुक्यातील एक निवृत्त कोकणा शिक्षक होते. त्यांच्या घरच्या सोयरिकी हवेलीतील गावांत आहेत, आणि सावळघाट उतरताना ते शेजारच्या प्रवाशांना त्याविषयी हळू आवाजात सांगत होते. संयोजकांनी त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला असता, तर दोन्ही बाजूंना एकच समाज राहत असताना मध्ये परकी हद्द असणे म्हणजे काय, हे आम्हा सर्वांना कळले असते. मी अभिप्रायाच्या कागदावर हे सविस्तर लिहून दिले आहे.

बसची व्यवस्था चोख होती. जेवण साधे आणि वेळेवर मिळाले. कपराड्याच्या वाटेवरील नागलीची भाकरी विशेष आवडली. पुस्तिका स्वतंत्रपणे एकशेवीस रुपयांना मिळते. जाणाऱ्यांनी ती आधी वाचून, जमिनीचे प्रश्न वहीत लिहून घ्यावेत आणि ते पहिल्याच दिवशी विचारावेत.