झाडू मारणारा रोबो, बोलका स्पीकर आणि आमच्या वहिनी: नागावच्या होमस्टेतला अनुभव

गेल्या दिवाळीच्या गर्दीआधी घेतलेला झाडू-पोछा करणारा रोबो आता पावसाळाही बघून झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतली यंत्रं साधारण सारखीच असतात आणि त्यांच्या तक्रारीही. सोबत दिवे-पंखे लावायला एक बोलका स्पीकर घेतला होता, त्याचं पुढे येईलच.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. अलिबाग तालुक्यात नागावला वाडीत आमचं जुनं घर, आणि मागच्या अंगाला पाहुण्यांच्या खोल्या. पाहुणे समुद्रावरून येतात ते पायाला, चपलांना, टॉवेलांना आणि मुलांच्या खिशांत वाळू घेऊन. शनिवार-रविवारी एकेका खोलीतून सुपलीभर निघते.

कोरडी वाळू रोबो झकास ओढतो. पलंगाखालची तर माणसापेक्षा चांगली, कारण तो जेमतेम दहा सेंटिमीटर उंच आहे आणि त्याची कंबर दुखत नाही. ओली वाळू मात्र ब्रशच्या दांड्याशी जाऊन बसते, आणि वर पोछ्याचं ओलं फडकं फिरलं की लादीभर चिखलाचे पट्टे. पावसाळ्यात पोछा बंदच ठेवला. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पट्ट्यांवर थर चढतो, तो कोरड्या फडक्याने पुसत राहावा लागतो, नाहीतर सकाळी यंत्र उपाशीच सापडतं. वीज गेली की वाय-फाय जातं आणि मोबाइलवरून हुकूम सोडता येत नाही. बटण दाबलं की चालतं.

खरी गंमत ओटीवर. तिथे आजोबांच्या वेळच्या काळ्या-पांढऱ्या लाद्या आहेत. यंत्राच्या पोटाखाली सेन्सर असतात, ते इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतात. प्रकाश परत आला तर जमीन, नाही आला तर पायरी. काळी लादी प्रकाश गिळते, त्यामुळे यंत्राला ती खड्डाच वाटते. तिच्या कडेशी येऊन ते थांबतं आणि मागे फिरतं. आम्ही पुस्तिका वाचली, व्हिडिओ पाहिले, सेवा केंद्राला फोन केला (तिथल्या पोराने लाद्या बदलायचा सल्ला दिला!), आणि शेवटी ओटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या वहिनींकडेच राहिली. एवढ्या खटाटोपात घरातलं कुणीही यंत्रावर चिडलं नाही. त्याला जमत नाही ना, मग राहू दे.

त्याच सुमारास वहिनींनी सांगितलं, शनिवारी भाचीची हळद आहे, येणार नाही. ते ऐकून शेजारचा होमस्टेवाला मला म्हणतो, “ऐन सीझनला बरी यांना हळद सुचते. तू अजून एक रोबो घे.” यंत्र ‘नाही’ म्हणालं तर आपण कारण शोधतो, बाई ‘नाही’ म्हणाली तर तिचा माज दिसतो. हे यंत्र घरात फिरू लागल्यापासून माझं डोकं याच गोष्टीत अडकलंय, आणि पट्ट्या-ब्रशांपेक्षा मला तेच सांगायचंय.

रोबोला नोकर म्हणून राबवणं अन्याय आहे का, यावर मोठी माणसं भांडतात. जोआना ब्रायसन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली ठणकावून मांडलं की रोबो ही माणसाने केलेली, माणसाच्या मालकीची वस्तू आहे. तिला माणूस मानायला लागलो तर बनवणारे आणि वापरणारे आपली जबाबदारी तिच्या अंगावर ढकलून मोकळे होतील. मला हे पटतं. आमचं यंत्र पलंगाखाली अडकून मदतीला हाका मारतं तेव्हा त्याला यातना होत नसतात, रेकॉर्ड केलेला आवाज वाजत असतो. उलट टोक सौदी अरेबियाने गाठलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व जाहीर केलं. तेव्हा तिथल्या परदेशी कामगाराला मालकाच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती आणि देशही सोडता येत नव्हता. आपल्या मुरुड-श्रीवर्धनकडच्या किती घरांतली माणसं आखातात राबून आलीत, त्यांना हे नागरिकत्व कसं वाटलं असेल ते विचारायला हवं.

तेव्हा यंत्राची काळजी मला नाही. मला भीती आहे ती यंत्राने लावलेल्या सवयीची. सांगितलं की लगेच, कितीही वेळा, बिनतक्रार, बिनपगारी. एकदा घरातलं काम असं व्हायला लागलं की तेच माप ठरतं, आणि मग ज्याला घर आहे, गुडघे आहेत, भाचीची हळद आहे, तो माणूस मापात बसेनासा होतो. आमच्या तालुक्यात तर हे कळायला पुस्तक लागू नये. वहिनींचं माहेर चरीच्या बाजूचं. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या मागे उभं राहून खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायला नकार दिला, आणि पाच-सहा वर्षं तो संप टिकवला. जमिनी ओस पडल्या, माणसांनी मोळ्या विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. एवढ्या किमतीचा तो एक ‘नाही’.

स्पीकरचं थोडक्यात. हिंदीत सांगितलं तर ऐकतो, मराठीत सांगितलं की भलतंच गाणं लावतो. आवाज बाईचा, कितीही खेकसा, उत्तर गोडच. बाईच्या आवाजातल्या अशा आज्ञाधारक सहायकांबद्दल युनेस्कोच्या अहवालाने २०१९ मध्येच नापसंती नोंदवली होती, आणि एका पाहुण्यांच्या खोलीबाहेर उभं राहिल्यावर मला ती नीट समजली. आत मुलं त्याला शिव्या घालून हसत होती. बाहेर त्यांच्यातलाच एक वहिनींना म्हणाला, “ए, टॉवेल आण.” हे स्पीकरने शिकवलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याचे वडीलही तसेच बोलत होते. पण घरात सराव करायला एक साधन कमी असलेलं बरं. स्पीकर खोल्यांमधून काढला. दिव्याला भिंतीवर बटण आहे.

कॅमेरावाला रोबो मुद्दाम घेतला नाही, आणि होमस्टेवाल्यांनी घेऊच नये. असेच झाडू-रोबो बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या चाचणीच्या यंत्रांनी २०२० साली टिपलेली घराच्या आतली छायाचित्रं, त्यात संडासात बसलेल्या एका बाईचंही, इंटरनेटवरच्या गटांत पोचल्याचं २०२२च्या डिसेंबरात उघड झालं. व्हेनेझुएलातले कंत्राटी कामगार ती चित्रं बघून ‘ही खुर्ची, हा पलंग’ अशी नावं देत होते. म्हणजे यंत्र हुशार व्हावं म्हणून तिकडे कुणीतरी माणूसच तुटपुंज्या पैशात राबतोय. आमच्याकडचं लेझरवर नकाशा काढतं. तो नकाशाही कंपनीकडे जातो, पण निदान त्यात माणसं दिसत नाहीत.

आता पगाराचं, कारण ते सगळे विचारतात आणि उघड कुणी लिहीत नाही. यंत्र आल्यावर वहिनींचा झाडायचा वेळ वाचला. शेजाऱ्याने त्याच्याकडच्या बाईंचे पैसे त्या हिशोबात कापले. आम्ही कापले नाहीत, आणि त्यात उदारपणा नाही. झाडणं हे कामातलं सोपं काम होतं. बाथरूम, चादरी आणि पाहुण्यांची ऐनवेळची फर्माइश तशीच उरली, म्हणजे तासाला आता अवघड कामच जास्त. वहिनींना पहिल्या दिवशी विचारलं, राग नाही ना आला? त्या म्हणाल्या, “दादा, तो काय संडास घासनार हाय? फिरूंदे त्याला.” त्यांनी त्याचं नाव कासव ठेवलंय. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, तेवढा आधी वाचा. रोबोची वॉरंटी आपण ओळ न ओळ वाचतोच की.

घ्यायचा का? एकाच पातळीवरच्या लाद्या असतील, ब्रशमधली वाळू काढायचा कंटाळा नसेल, तर घ्या. गुडघ्याखालचं काम यंत्राने करावं यात मला काही वावगं दिसत नाही. जुन्या घरात मात्र आधी उंबरठे मोजा. दोन सेंटिमीटरच्या वर असले तर आमच्यासारखं यंत्र ते चढत नाही, दर खोलीत उचलून ठेवावं लागतं. ते कोण उचलणार आणि त्याचे पैसे धरलेत का, हे विकत घ्यायच्या आधी ठरवून टाका.