चॅप्टर ७ नंतरचं वर्ष: कॉलेजची थकलेली फी सुटली, शिक्षणकर्ज राहिलं

"शिक्षणाचं देणं दिवाळखोरीत कधीच सुटत नाही." अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा, हेच उत्तर येतं. आमच्या बाबतीत ते अर्धंच खरं ठरलं. आम्हा नवरा-बायकोला चॅप्टर ७ चा, म्हणजे अमेरिकेतल्या दिवाळखोरीच्या एका प्रकाराचा, डिस्चार्ज (देण्यांतून सोडवणारा कोर्टाचा आदेश) मिळून वर्ष होत आलंय. कॉलेजला थेट देणं असलेली माझी फी, अकरा हजार डॉलरच्या आसपास, त्यात सुटली. माझं फेडरल शिक्षणकर्ज मात्र जसंच्या तसं उभं आहे. मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून हा अनुभव.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी एका खाजगी कॉलेजात मास्टर्स करत होते. त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ त्याचं ऑपरेशन निघालं. सेमिस्टर अर्धवट सोडणं भाग पडलं. फेडरल मदतीवर शिकणारा विद्यार्थी सत्राचे ६० टक्के दिवस पूर्ण होण्याआधी बाहेर पडला, तर न वापरलेल्या दिवसांच्या हिशेबाने कॉलेजला ती मदत सरकारला परत करावी लागते. कर्ज तेवढं कमी होतं, पण फी कमी होत नाही. सरकारकडे परत गेलेली रक्कम कॉलेज आपल्या नावावर थकबाकी म्हणून दाखवतं. माझ्या पोर्टलवर तसाच आकडा आला, मग अकाउंटला होल्ड लागला, मग ट्रान्सक्रिप्ट बंद झाली आणि शेवटी प्रकरण कलेक्शन एजन्सीकडे गेलं. एजन्सीने आपला खर्च वर चढवला. जोडीला हॉस्पिटलची बिलं आणि क्रेडिट कार्डं होतीच.

कायद्याचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. दिवाळखोरी कायद्याचं कलम ५२३(ए)(८) काय सुटणार नाही ते सांगतं: सरकारने दिलेलं किंवा हमी घेतलेलं शिक्षणकर्ज, सरकारी किंवा ना-नफा संस्थेच्या पैशांतून चाललेल्या योजनेतलं कर्ज, जास्तीची मिळालेली शैक्षणिक मदत, परत करण्याच्या बोलीवर मिळालेली स्कॉलरशिप किंवा स्टायपेंड, आणि २००५ पासून बँकांची बहुतेक खाजगी शिक्षणकर्जंसुद्धा. १९७६ च्या आधी विद्यार्थी-कर्जं इतर देण्यांसारखीच सुटायची. नंतर आधी पाच वर्षं, मग सात वर्षं थांबण्याची अट आली आणि १९९८ मध्ये तीही मुदत काढून टाकली. यादी वाढत गेली, पण तिच्यात 'न भरलेली फी' असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग प्रश्न उरतो तो एवढाच: कॉलेजने तुम्हाला कर्ज दिलं होतं का? वाण्याने महिनाअखेरची उधारी लिहून ठेवली म्हणून तो सावकार होत नाही, तसंच हे आहे. कॉलेजने वर्गात बसू दिलं, बिल नंतर आलं, ते भरलं गेलं नाही, एवढ्यावरून कर्ज झालं असं म्हणता येत नाही. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ज्याच्या अखत्यारीत येतात त्या सेकंड सर्किट अपील कोर्टाने २००० मध्ये कॅझेनोव्हिया कॉलेजच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. पैसे नंतर द्यायचे असा करार आधी किंवा त्याच वेळी झालेला असेल, तरच ते कर्ज. आमच्या थर्ड सर्किटने, म्हणजे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरसाठी, २००२ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या खटल्यात हाच विचार मान्य केला. शिकागोच्या सेव्हन्थ सर्किटचा २००३ चा निकालही याच बाजूचा आहे.

पण सगळीकडे असं नाही. मिनेसोटा, मिझुरी, आयोवा वगैरे राज्यांच्या एट्थ सर्किटने २००९ मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात उलट निकाल दिला. तिथे विद्यार्थ्याने फी पुढे ढकलण्याच्या करारावर आधीच सही केलेली होती, त्यामुळे कोर्टाने ते कर्जच मानलं आणि देणं सुटलं नाही. म्हणून तुम्ही कुठे राहता आणि कशावर सही केली आहे, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय कुणीही "सुटेल" किंवा "सुटणार नाही" असं सांगू नये. वकिलानेसुद्धा.

सहीबद्दल थोडं अजून. हल्ली बरीच कॉलेजं दर सेमिस्टरला रजिस्ट्रेशनच्या आधी एक आर्थिक जबाबदारीचा करार स्क्रीनवर दाखवतात. 'आय अ‍ॅग्री' दाबल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. त्यातल्या काहींत सरळ लिहिलेलं असतं की हे रजिस्ट्रेशन म्हणजे प्रॉमिसरी नोट (पैसे फेडण्याचं लेखी वचन) असून कलम ५२३(ए)(८) नुसार शैक्षणिक कर्ज आहे. कॉलेजांचे वकील मागचे निकाल वाचूनच हे शब्द घालतात. माझ्या वकीलबाईंनी सगळ्यात आधी तेच मागितलं. मी रजिस्ट्रेशन केलं त्या सत्राची प्रत पोर्टलवरून उतरवून दिली. त्यात फी भरण्याची जबाबदारी माझी आणि उशीर झाला तर दंड, एवढंच होतं. कर्ज हा शब्द नव्हता, हप्त्यांची योजनाही नव्हती. त्या म्हणाल्या, कर्ज असं लेबल लावलेलं असतं तरी लढता आलं असतं, पण मग कोर्टात वेगळा दावा लावावा लागला असता. पोर्टलचा अ‍ॅक्सेस बंद व्हायच्या आत ही प्रत काढून ठेवा.

अर्ज करताना फीचा उल्लेख कुठे होतो तेही बारकाईने बघा. विनातारण देण्यांचा जो फॉर्म असतो, १०६ई/एफ, त्यात प्रत्येक देण्यासमोर प्रकाराचे चौकोन असतात. एक चौकोन 'स्टुडंट लोन्स'चा, शेवटचा 'अदर, स्पेसिफाय'चा. वकीलबाईंच्या ऑफिसातल्या मुलीने सवयीने पहिल्यावर खूण केली होती. बाईंनी ती काढायला लावली आणि 'अदर'समोर 'न भरलेली ट्यूशन फी' असं लिहून घेतलं. फेडरल कर्ज तेवढं 'स्टुडंट लोन्स'मध्ये राहिलं. ज्या देण्याला आपण स्वतःच आपल्या अर्जात स्टुडंट लोन म्हटलं, त्याबद्दल पुढे वाद घालणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलं.

बाकीची प्रक्रिया नीरस आहे: उत्पन्नाची मीन्स टेस्ट, अर्जाआधी एक ऑनलाइन समुपदेशन, अर्जानंतर दुसरा कोर्स, कोर्टाची ३३८ डॉलर फी आणि वकिलाची त्याहून कितीतरी जास्त. नागरिकत्वाची अट कायद्यात नाही. इथे राहत असाल किंवा इथे मालमत्ता असेल तर अर्ज करता येतो.

आपल्या लोकांनी खरी काळजी घ्यायची ती भारतातल्या गोष्टींची. मालमत्ता जगात कुठेही असली तरी दाखवावी लागते. सासऱ्यांच्या पश्चात नवऱ्याचं नाव कोल्हापूरकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर लागलेलं आहे, भावांबरोबर सामाईक. आम्ही उताऱ्याची प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर आणि हिश्श्याची अंदाजे किंमत असं सगळं दिलं. फेडरल एक्झेम्प्शन्समध्ये, म्हणजे आपल्याकडे ठेवता येणाऱ्या मालमत्तेच्या सवलतींमध्ये, कुठल्याही मालमत्तेला लावता येणारी एक मोकळी सूट असते, तिच्यात आमचा लहानसा हिस्सा बसला. मोठी जमीन असलेल्यांनी हे गणित आधी करून बघावं. दागिन्यांची सूट वेगळी आणि छोटी आहे, माणशी दोन हजार डॉलरच्या आसपास. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या सगळं लिहून द्यावं लागलं. लपवाछपवी अजिबात करू नका. शपथेवर दिलेली माहिती असते, आणि खोटं उघड झालं तर डिस्चार्जच जातो.

दुसरी गोष्ट नातेवाइकांच्या पैशांची. अडचणीच्या काळात मोठ्या दिरांनी आम्हाला पैसे पाठवले होते. आपल्याकडे पहिलं काय सुचतं, तर घरच्यांचे आधी परत करावेत. पण अर्जाच्या आधीच्या वर्षभरात जवळच्या नातेवाइकाला फेड केली असेल, तर ती रक्कम ट्रस्टी (दिवाळखोरीची केस सांभाळायला नेमलेला माणूस) त्यांच्याकडून परत मागू शकतो. म्हणून आम्ही एक पैसाही परत केला नाही आणि भावोजींचं नाव धनको म्हणून यादीत घातलं. कोर्टाची नोटीस रीतसर टपालाने कोल्हापूरला गेली. त्यांना आधी फोन करून समजावून सांगितलं होतं, म्हणून घरात घबराट झाली नाही. डिस्चार्जनंतर स्वखुशीने फेडायला कायद्याची आडकाठी नाही. आम्ही आता थोडे थोडे पाठवतो, आणि याचं मला मनापासून समाधान आहे.

ट्रस्टीबरोबरची मीटिंग झूमवर झाली. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, शपथ घ्यायची, शेताबद्दल दोन-तीन प्रश्न, की संपलं.

खरी कसोटी डिस्चार्ज मिळाल्यावर लागते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डिस्चार्जच्या ऑर्डरवर कुठलं देणं सुटलं त्याची यादी नसते. दुसऱ्या पानावर न सुटणाऱ्या देण्यांची उदाहरणं असतात, त्यात एक ओळ 'बहुतेक स्टुडंट लोन्स' अशी. दोन-तीन महिन्यांनी कलेक्शन एजन्सीचं पत्र आलं. त्यांनी त्याच ओळीचा हवाला देऊन लिहिलं होतं की हे शैक्षणिक देणं आहे, डिस्चार्जमध्ये येत नाही, पैसे भरा. ते पत्र वाचून मी हादरले. कायद्याची माहिती असूनसुद्धा.

वकीलबाईंनी उत्तर पाठवलं: कर्ज दिल्याचा एकही कागद तुमच्याकडे असेल तर दाखवा, थर्ड सर्किटचा २००२ चा निकाल वाचा, आणि डिस्चार्जनंतर वसुली करणं हा कोर्टाच्या मनाई आदेशाचा भंग आहे हे लक्षात घ्या. एजन्सीकडून परत पत्र आलं नाही. कॉलेजलाही प्रत गेली. काही आठवड्यांत होल्ड निघाला आणि ट्रान्सक्रिप्ट मिळाली. ती हातात आली तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट्स इतकी वर्षं अडकून पडले होते. एजन्सी अडून बसली असती, तर केस पुन्हा उघडून हे देणं सुटलंय असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. या प्रश्नाला मुदत नाही, आणि कर्जदाराने स्वतः लावलेल्या दाव्याला कोर्टाची फी पडत नाही.

न सुटलेल्या कर्जाबद्दल. फेडरल कर्ज सोडवायचं तर वेगळा दावा लावून 'अवाजवी हालअपेष्टा' सिद्ध कराव्या लागतात. १९८७ च्या ब्रुनर खटल्यापासून त्याचे निकष फार कडक आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याने सरकारी वकिलांसाठी नवी पद्धत आणली, त्यात अर्जदार आपली परिस्थिती एका ठरावीक फॉर्मवर मांडतो. नवऱ्याला पुन्हा नोकरी लागल्यामुळे आमची केस त्यात बसत नव्हती. मी उत्पन्नानुसार हप्ता भरतेय.

क्रेडिट रिपोर्टवर चॅप्टर ७ दहा वर्षं दिसतो. या वर्षी भाड्याचं घर बदलताना जास्त डिपॉझिट द्यावं लागलं. कॉलेजकडून १०९९-सी (माफ झालेल्या देण्याचा टॅक्सचा फॉर्म) आला तर घाबरू नका. दिवाळखोरीत सुटलेलं देणं उत्पन्न धरलं जात नाही, टॅक्स रिटर्नला फॉर्म ९८२ जोडायचा. आणि मुलाच्या फीच्या कागदावर आई-वडिलांनी सही केलेली असेल, तर मुलाच्या चॅप्टर ७ ने आई-वडील मोकळे होत नाहीत.

थकबाकी फक्त कॉलेजची आणि दोन-तीन हजारांची असेल, तर आधी कॉलेजच्या बर्सर ऑफिसशी, म्हणजे फीचा हिशेब बघणाऱ्या ऑफिसशी, तडजोडीचं बोला, पण हप्त्यांच्या नव्या करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. आत्तापर्यंत जे कर्ज नव्हतं, ते त्या सहीने कर्ज होऊ शकतं.