आठ मिनिटं चालणारं पॅनेल

माझे १६,९५० रुपये कसे गेले ते सांगतो. त्यातले २५० एका केबलचे आहेत, पण तेही यातच धरतो, कारण ज्याने मला गेम खेळायचं पॅनेल बनवून दिलं, त्यानेच ती केबल मला घ्यायला लावली.

नव्वदच्या दशकात शाळेची मधली सुट्टी ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये काढली, त्यांना बाकी काही सांगायला नको. रुपयाचं नाणं, मागे उभी असलेली पोरं, 'मुस्तफा' (त्या गेमचं खरं नाव निराळंच होतं, पण ते कुणाला ठाऊक होतं!) आणि स्ट्रीट फायटर. घरी पीएस फोर, म्हणजे सोनीचा गेमचा कन्सोल आहे. त्यावर स्ट्रीट फायटरच्या जुन्या पार्लरी भागांचा २०१८ साली निघालेला संचही आहे. पण गेमपॅडच्या त्या बोटभर काडीने हाडोकेन (स्ट्रीट फायटरमधला आगीचा गोळा) मारणं म्हणजे चमच्याने पोळी लाटणं. मला पार्लरसारखं पॅनेल हवं होतं: डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला आठ बटणं, खाली जड लाकडी खोकं.

स्वतः बनवायचं म्हणून आधी तपकीर गल्लीत चार चकरा मारल्या. वायर, कनेक्टर, सोल्डर सगळं मिळालं. पण 'पीएस फोरला चालणारं बोर्ड' म्हटलं की दुकानदार मान हलवायचे. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. ऑर्डरप्रमाणे पॅनेल बनवून देणारा एक जण मोबाइलवर सापडला. त्याचं नाव लिहीत नाही. भोसरीकडे गाळा, भिंतीवर एलईडीच्या पट्ट्या, बोलणं एकदम गोड. "सर, दांडा आणि बटणं ओरिजिनल सान्वा कंपनीची, जपानहून मागवतो. बोर्ड इम्पोर्टेड. पीएस फोर, निन्टेंडो स्विच, पीसी, काहीही लावा." किंमत १४,५००. सात हजार आधी यूपीआयने दिले. त्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज चोवीस तासांत आपोआप गायब होतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, पोरगं टेक्निकल आहे, प्रायव्हसीचं भान असेल.

तीन आठवड्यांनी पॅनेल तयार झालं. त्याच्या गाळ्यात, त्याच्याच पीएस फोरला लावून त्याने ते मला खेळायला दिलं. मी र्यू हा लढवय्या घेतला, दोन मॅच मारल्या, एक हरलो. सगळं लोण्यासारखं चालत होतं. तो मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होता. मग म्हणाला, "चला सर, चहा घेऊ," आणि त्यानेच वायर उपटली. बाकीचे साडेसात हजार मी चहा पिता पिता पाठवले. पावती म्हणून एका वहीच्या कागदावर 'गेम पॅनेल १ नग' एवढंच लिहून मिळालं.

घरी रविवारी भाचा आला होता. दोघं खेळायला बसलो. तिसऱ्या लढतीच्या मध्यावर माझा र्यू पुतळ्यासारखा उभा राहिला. बटणं मारतोय, काही नाही. वायर काढून परत लावली तर पुन्हा सुरू. मग पुन्हा बंद. फोन केला. "सर, केबल लूज असेल. चांगली घ्या, शिल्ड असलेली." घेतली, २५० रुपये. तेच. मग म्हणाला, कन्सोल तापत असेल. पंखा लावून खेळलो (हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं). तेच. शेवटी त्याने सांगितलं की सोनीने नवीन अपडेट टाकलंय, आता बोर्डाला 'लायसन्स' भरावं लागेल, २,२०० रुपये. पॅनेल दोन दिवस त्याच्याकडे ठेवलं, पैसे दिले, पुन्हा गाळ्यात खेळून दाखवलं, पुन्हा छान चाललं, पुन्हा त्यानेच वायर काढली.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हे केबलमुळे बंद पडत नाही. हे घड्याळ बघून बंद पडतं." त्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आठ मिनिटांच्या आसपास.

आता यामागचं गणित सांगतो, कारण हे मला आधी माहीत असतं तर मी त्या गाळ्यात चहाला थांबलोच नसतो. पीएस फोर नुसत्या बटणांच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. कंट्रोलर जोडला की कन्सोल त्याला एक कोडं घालतो. त्या कोड्यावर गुप्त किल्लीने सही करून उत्तर पाठवायचं असतं, आणि ती किल्ली फक्त सोनीने मान्यता दिलेल्या कंट्रोलरमध्ये असते. उत्तर नाही आलं तरी कन्सोल लगेच हाकलत नाही. सुमारे आठ मिनिटं पाहुणा म्हणून बसू देतो, मग त्याचं ऐकणं बंद करतो. वायर काढून परत लावली की पुन्हा आठ मिनिटं. एक्सबॉक्स एवढाही मोठ्या मनाचा नाही, तो दारातूनच परत पाठवतो. पीएस फाइव्हचे नियम अजून कडक आहेत. पीसी असलं काही विचारतच नाही आणि निन्टेंडो स्विचसुद्धा वायरने जोडलेल्या पॅनेलला चौकशी न करता घेतो. म्हणजे पीसीवर किंवा स्विचवर चालवून दाखवलेलं पॅनेल पीएस फोरवर चालेलच असं मुळीच नाही. आणि पीएस फोरवर पाच मिनिटं चालवून दाखवलेलंही नाही. माझ्या माणसाला ही आठ मिनिटं तोंडपाठ होती. त्याचा चहा बरोबर सहाव्या मिनिटाला यायचा.

खोकं उघडलं तेव्हा उरलंसुरलंही कळलं. बोर्डावर काळं इपॉक्सी ओतलेलं होतं, आत काय आहे ते दिसू नये म्हणून. पण घाईत एक छोटं पांढरं बटण बाहेर राहिलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या नादी असलेल्या एका मित्राने ते बटण दाबून धरून वायर कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर 'आरपीआय-आरपी२' नावाची ड्राइव्ह आली. तो हसायलाच लागला. ते रास्पबेरी पाय पिको नावाचं छोटं तयार बोर्ड होतं. २०२१च्या जानेवारीत बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत चार डॉलर होती. मग पॅनेलवरचं स्टार्ट बटण दाबून धरून पुन्हा वायर लावली आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ टाकलं. जीपी२०४०-सीईचं सेटिंगचं पान समोर उघडलं. ही फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, हौशी लोकांनी लिहून सगळ्यांना फुकट दिलेली आहे. फार चांगलं काम आहे, आणि पीएस फोरची आठ मिनिटांची अडचण त्यांनी स्वतःच्या माहितीत उघडपणे लिहून ठेवलीय. मी 'लायसन्स' म्हणून २,२०० रुपये ज्यासाठी दिले ते हे.

दांडाही सान्वाचा नव्हता. सान्वाच्या खऱ्या जेएलएफ दांड्याच्या बुडाशी चार स्विचची हिरवी पट्टी असते, तिच्यावर टीपी-एमए छापलेलं असतं. माझ्या दांड्याखाली कोऱ्या पट्टीवर चार निनावी स्विच होते. बटणांचा तर विनोदच. सान्वाची ओबीएसएफ जातीची बटणं खटकन बसणारी असतात, त्यांचे कान पातळ पत्र्याला धरतात. लाकडाला लावायची तर आट्यांची, खालून चकती आवळायची बटणं घ्यावी लागतात, आणि जाड लाकूड खालून कोरून पातळ करावं लागतं. याने १८ एमएमच्या प्लायला ३० एमएमची भोकं पाडून खटकन बसणारी बटणं घुसवली होती आणि खालून ग्लू गनने चिकटवली होती. उन्हाळ्यात दोन बटणं दाबली की आतच जायची. वरची सनमायका मात्र सुरेख. तेवढं त्याचं कौतुक.

मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, स्विचवर चालतंय ना?" माझ्याकडे निन्टेंडो स्विच नाही. पहिल्या दिवसापासून त्याला मी पीएस फोरच सांगत होतो, पण ते सांगितलेलं सगळं गायब होणाऱ्या मेसेजमध्ये.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यावर त्याचं उत्तर आलं: माल चालू स्थितीत दिला, ग्राहकाने दोनदा स्वतः तपासून घेतला. सोबत पुरावा म्हणून माझाच व्हिडिओ. त्यात मी र्यू घेऊन खेळतोय आणि तोंडभर हसतोय. आता ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. माझ्याकडे यूपीआयच्या तीन नोंदी आहेत, वहीचा तो कागद आहे, आणि भाच्याने काढलेला सलग पंधरा मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्यात एका कोपऱ्यात स्टॉपवॉच दिसतं. याहून जास्त काही नाही, आणि तोच माझा घोटाळा आहे. मेसेज गायब होताना दिसले त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढायचे होते, निदान 'पीएस फोरवर सलग तासभर चालेल' एवढं कागदावर लिहून घ्यायचं होतं. आणि माझा कन्सोल पिशवीत घालून त्याच्या गाळ्यात न्यायचा होता. चहा झाल्यावर अर्धा तास खेळायचं होतं.

पॅनेल फेकलं नाही. मित्राने जुना, सोनीची मान्यता असलेला वायरवाला गेमपॅड आणला, उघडला, आणि त्याच्या बटणांच्या जागी पॅनेलच्या वायरी सोल्डर केल्या. किल्ली त्या गेमपॅडच्या पोटात आहे, त्यामुळे कन्सोलला उत्तर बरोबर मिळतं. परवा भाचा सलग दीड तास खेळला आणि मला सात वेळा हरवलं.

त्या माणसाने काल नवीन पॅनेलची जाहिरात टाकलीय. 'पीएस फोरवर लाइव्ह डेमो, नो कट.' मी व्हिडिओची लांबी पाहिली: सहा मिनिटं दहा सेकंद.