रिवॉर्ड ॲप निवडताना: सर्व्हे, सर्च पॉइंट, कॅशबॅक की गेम?

मोबाइलवरून गिफ्ट कार्ड मिळवायचं ठरवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती सुटतील? त्याआधी विचारायला हवं की जे मिळणार ते कोणत्या रूपात मिळणार. प्ले स्टोअरमधले शंभर रुपये, ॲमेझॉनच्या कार्डातले शंभर आणि बँकेत आलेले शंभर यांची किंमत सारखी नसते.

गूगल प्लेची शिल्लक प्ले स्टोअरमध्येच खर्च होते: ॲप, गेममधल्या वस्तू, ई-पुस्तकं, काही सबस्क्रिप्शन. ती बँकेत वळवता येत नाही आणि दुसऱ्याला पाठवताही येत नाही. ॲमेझॉन पेचं गिफ्ट कार्ड एकदा खात्यात जोडलं की त्याच खात्याचं होतं. फ्लिपकार्टच्या कार्डाला १६ अंकी क्रमांक आणि ६ अंकी पिन असतो. दोन्हींची मुदत सहसा एक वर्षाची असते, आणि गिफ्ट कार्डाच्या पैशांतून दुसरं गिफ्ट कार्ड घेता येत नाही. कार्डाचे रोख पैसे का मिळत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. भेट म्हणून दिलेलं प्रीपेड कार्ड १०,००० रुपयांपर्यंतचंच असावं, ते पुन्हा भरता येऊ नये आणि त्यातून रोख काढता येऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

परदेशी निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. भारतातल्या ॲमेझॉनचं कार्ड अमेरिकेच्या साइटवर चालत नाही. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. पुण्याहून न्यू जर्सीला किंवा दुबईला जाणाऱ्यानं प्लेची शिल्लक निघण्याआधी खर्चून टाकावी.

चार मार्ग शेजारी शेजारी ठेवले तर चित्र असं दिसतं:

| मार्ग | मोबदल्याचं रूप | लागणारा वेळ | मोबदल्यात काय द्याल |
|---|---|---|---|
| गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स | प्लेची शिल्लक | सर्व्हेला मिनिटभर | ठिकाण, सवयींची माहिती |
| मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स | पॉइंट, मग गिफ्ट कार्ड | रोज काही मिनिटं | बिंग या सर्च इंजिनवरचे शोध |
| कॅशबॅक ॲप | बँकेत पैसे किंवा गिफ्ट कार्ड | खरेदीच्या वेळी दोन मिनिटं | खरेदीची माहिती, एक ते तीन महिने थांबण्याची तयारी |
| गेम आणि ऑफरवॉल (गेमच्या ऑफरचं पान) | ॲपची नाणी, मग गिफ्ट कार्ड | तासन्‌तास | वेळ, बॅटरी, फोनच्या वापराची माहिती |

सर्व्हे आणि सर्च पॉइंट

सर्वांत कमी कटकटीचं ॲप म्हणजे गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स. वय १८ पूर्ण हवं. प्ले स्टोअरमध्ये जे खातं वापरता त्याच खात्यानं इथे लॉगिन करा, नाहीतर शिल्लक भलत्याच खात्यात साठत जाते. सर्व्हे छोटे असतात: परवा कोणत्या दुकानात गेला होतात, हा व्हिडिओ पाहिला होता का, यातली कोणती जाहिरात बरी वाटली. एका सर्व्हेला काही रुपये मिळतात, आणि त्यातले बरेच सर्व्हे तुम्ही प्रत्यक्ष जिथे गेलात त्यावर बेतलेले असतात. म्हणून लोकेशनची परवानगी बंद असेल तर सर्व्हे क्वचितच येतात. परवानगी देणं पटत नसेल तर हे ॲप तुमच्यासाठी नाही. अर्धीमुर्धी परवानगी देऊन रोज वाट बघण्यात अर्थ नाही.

इथे नुकसान होतं ते खोट्या उत्तरांमुळे. काही प्रश्न प्रामाणिकपणा तपासण्यासाठीच असतात. दुकानांच्या यादीत तुम्ही कधी गेलाच नाहीत अशी नावं घातलेली असतात. जास्त पैसे मिळतील या आशेनं सगळ्यांवर टिक केली की सर्व्हे आटतात. ‘यापैकी कुठेच नाही’ या उत्तराला कमी मिळेल किंवा काहीच मिळणार नाही, तरी खरं तेच उत्तर द्यावं. सर्व्हे आल्याची सूचना दिसली की लगेच भरा, कारण तो फार काळ थांबत नाही. आणि मिळालेली शिल्लक एका वर्षानं बाद होते. गेममध्ये किंवा ॲपवर एरवीही पैसे खर्च करणाऱ्याला हे उत्तम आहे. प्ले स्टोअरमध्ये कधीच काही विकत न घेणाऱ्याला याचा उपयोग जवळपास शून्य.

मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचा स्वभाव वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून बिंगवर शोधलं की पॉइंट मिळतात, शिवाय रोजची छोटी कामं आणि प्रश्नमंजूषा असतात. पॉइंट साठले की गिफ्ट कार्ड घेता येतं. कोणतं कार्ड किती पॉइंटांना, हे बदलत राहतं, म्हणून एक मोठं ध्येय ठरवून वर्षभर पॉइंट साठवत बसण्यापेक्षा परवडेल ते छोटं कार्ड घेत राहणं शहाणपणाचं. कामासाठी कॉम्प्युटरवर दिवसभर शोधाशोध करणाऱ्याचे पॉइंट आपसूक साठतात. केवळ पॉइंटांसाठी अर्थहीन शब्द शोधत बसणं मात्र नियमात बसत नाही. खाती बंद होण्याची कारणं ठरलेली आहेत: आपोआप शोध करणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन, व्हीपीएन लावून देश बदलणं, एकाच माणसानं चार खाती उघडणं. कार्ड घेताना फोन नंबरची पडताळणी होते, आणि अनेक खात्यांचा खेळ तिथे उघडा पडतो. सगळे पॉइंट जातात ते नेमके त्याच टप्प्यावर.

कॅशबॅक: रक्कम मोठी, वाट लांब

जी खरेदी तुम्ही करणारच आहात ती कॅशबॅक ॲपमधून करणं, हा चारही मार्गांत तासाच्या हिशेबानं सर्वांत फायद्याचा. दुकान ग्राहक आणून देणाऱ्या ॲपला कमिशन देतं आणि ॲप त्यातला वाटा तुम्हाला देतं, इतका साधा व्यवहार आहे. २०१३ मध्ये सुरू झालेलं कॅशकरो हे भारतातलं ठळक नाव. तिथे ‘कॅशबॅक’ आणि ‘रिवॉर्ड’ अशी दोन वेगळी खाती असतात. कॅशबॅक बँकेत घेता येतो, रिवॉर्डचं मात्र गिफ्ट कार्डच घ्यावं लागतं. कोणत्या दुकानाचं काय मिळतं हे त्या दुकानाच्या पानावर लिहिलेलं असतं. ते खरेदीआधी वाचायचं.

ट्रॅकिंग, म्हणजे खरेदी त्या ॲपमार्फत झाल्याची नोंद, चुकू नये म्हणून क्रम पाळा. दुकानाच्या ॲपमधली बास्केट आधी रिकामी करा. ॲड-ब्लॉकर, व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा. कॅशबॅक ॲपमधून दुकानावर टिचकी मारा, उघडलेल्या पानावरच वस्तू बास्केटमध्ये टाका आणि त्याच बैठकीत पैसे भरा. मध्येच दुसऱ्या साइटवरचं कूपन शोधायला गेलात तर शेवटची टिचकी त्या साइटच्या नावावर लागते आणि कमिशनही तिलाच जातं. वस्तू आधीपासून बास्केटमध्ये असेल तर अनेक दुकानं ती खरेदी मोजतच नाहीत.

आता दर बघू. जाहिरातीत ‘१० टक्क्यांपर्यंत’ असतं. त्यातल्या ‘पर्यंत’कडे लक्ष द्या: मोबाइलवर दर फार कमी किंवा शून्य, कपड्यांवर बरा, नव्या ग्राहकाला एक आणि जुन्याला दुसरा. जीएसटी आणि डिलिव्हरीचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवरच टक्केवारी लागते. समजा ८,००० रुपयांवर ३ टक्के मिळाले, तर झाले २४०. किमान २५० रुपये साठल्याशिवाय पैसे काढता येत नसतील तर हे २४० पुढच्या खरेदीपर्यंत अडकून राहतात. शिवाय वस्तू परत करण्याची मुदत संपून दुकानानं खरेदी पक्की केल्यावरच रक्कम खुली होते, म्हणजे एक ते तीन महिने. वस्तू परत केली की कॅशबॅक रद्द. ऑर्डर दोन-तीन दिवसांत ॲपमध्ये दिसली नाही तर बिल आणि ऑर्डर क्रमांकासह लगेच तक्रार नोंदवा, कारण उशिरा आलेल्या तक्रारी घेतल्या जात नाहीत.

आणि कॅशबॅकसाठी गरज नसलेली वस्तू घेतली, तर ३ टक्के वाचवायला ९७ टक्के खर्च केले. इथे ॲपचा दोष नसतो.

गेम आणि ऑफरवॉल: आकडा मोठा, तास स्वस्त

‘हा गेम खेळा आणि १५० रुपये मिळवा’ अशा ऑफर ज्या पानावर एकत्र दिसतात त्याला ऑफरवॉल म्हणतात. गेम कंपनीला नवे खेळाडू हवे असतात. जाहिरातदारांचं जाळं तिच्याकडून पैसे घेतं आणि त्यातला थोडा भाग रिवॉर्ड ॲपमार्फत तुमच्यापर्यंत येतो. पैसे ठरावीक टप्प्याला मिळतात: इन्स्टॉल, नोंदणी, अमुक दिवसांत अमुक लेव्हल. सुरुवातीच्या लेव्हल भराभर पार होतात आणि पुढे वेग मुद्दाम मंदावतो, कारण तिथेच खेळाडूनं पैसे भरून पुढे जावं अशी गेमची रचना असते.

म्हणून तासाचा दर काढल्याशिवाय ऑफर घेऊ नका. १४ दिवसांत ३० वी लेव्हल गाठली की १५० रुपये, अशी ऑफर समजा. रोज ४५ मिनिटं, १० दिवस खेळलात तर साडेसात तास झाले. दर पडला तासाला २० रुपये, आणि लेव्हल २९ वर अडकलात तर बऱ्याचदा शून्य. खेळलेल्या मिनिटांचे पैसे देणाऱ्या ॲपमध्येही असंच होतं. पहिल्या तासाचा दर चांगला असतो, मग तो घसरतो. दर घसरला की त्या गेमवर थांबायचं.

नाण्यांचे मोठे आकडे बघून भुलू नका. किती नाण्यांना किती रुपये आणि किमान किती साठल्यावर कार्ड मिळतं, या दोनच गोष्टी पहिल्या मिनिटात शोधा. पहिलं कार्ड १० रुपयांचं चटकन मिळतं आणि दुसऱ्याची मर्यादा एकदम कित्येक पट होते, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ही माहिती लपवलेली असेल तर ॲप काढून टाका.

काम पूर्ण होऊनही नाणी आली नाहीत, ही या मार्गावरची कायमची तक्रार. कारणं सहसा अशी असतात. तो गेम तुमच्या फोनवर पूर्वी कधीतरी होता, त्यामुळे तुम्ही नवे खेळाडू ठरत नाही. ऑफरवर टिचकी मारल्यावर तुम्ही प्ले स्टोअरमध्ये स्वतः नाव शोधून इन्स्टॉल केलंत, म्हणून दुवा तुटला. मध्येच फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातदार ज्यानं फोन ओळखतात तो क्रमांक) रीसेट केलात किंवा ॲड-ब्लॉकर चालू राहिला. आयफोनवर ट्रॅकिंगला नकार दिलात, तर कोण कुठून आलं हे जुळवायला अडचण येते. उपाय एकच: ऑफरच्या अटींचा, इन्स्टॉलच्या तारखेचा आणि लेव्हल पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीत तेच चालतं. घरातल्या एकाच फोनवर दोघांची खाती चालवू नका, दोन्ही बंद होऊ शकतात.

खेळलेला वेळ मोजायला असं ॲप ‘वापराची माहिती’ बघण्याची परवानगी मागतं, म्हणजे फोनवरची सगळी ॲप तुम्ही किती वेळ वापरता हे त्याला दिसतं. ही परवानगी त्याच्या कामाची तरी आहे. एसएमएस, संपर्क किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्याची) परवानगी मागणाऱ्या रिवॉर्ड ॲपला मात्र सरळ नकार द्या. एसएमएसमधून ओटीपी वाचता येतो, ॲक्सेसिबिलिटीतून पूर्ण स्क्रीन.

पैसे लावून खेळायचे गेम या तुलनेत घेतलेच नाहीत. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, दोन्हींवर बंदी आणली, आणि ड्रीम११सारख्या ॲपनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस देणारं ॲप अजूनही कुणी पाठवत असेल तर ते कायद्याबाहेर चालतं आहे. तिथे अडकलेले पैसे परत मिळवणं फार कठीण.

यूपीआय ॲपच्या स्क्रॅच कार्डांबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. त्यात आता बहुतेक कूपनच निघतात. एक रुपयात महिनाभर सेवा, असं कूपन घेतलंत तर सोबत ऑटोपेला, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याला, मंजुरी जाते. यूपीआय ॲपमधला ऑटोपे विभाग उघडून ती त्याच दिवशी रद्द करा.

आणखी एक सापळा रिवॉर्डच्याच नावानं फिरतो. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओला लाइक करा, ५० रुपये घ्या’ असा निरोप येतो, पहिले पैसे खरंच मिळतात, मग मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागतात. ती रक्कम परत येत नाही. खरं रिवॉर्ड ॲप कामासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाही, आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

ऑनलाइन खरेदी नियमित असेल तर कॅशबॅक ॲप ठेवा आणि बाकी सोडा. खरेदी कमी पण गेममध्ये खर्च होत असेल तर ओपिनियन रिवॉर्ड्स. दिवसभर कॉम्प्युटरवर काम असेल तर मायक्रोसॉफ्टचे पॉइंट. ऑफरवॉल फक्त तो गेम तुम्ही फुकटही खेळला असता तर. आणि कोणतंही ॲप सोडताना आधी शिल्लक कार्डात बदलून घ्या, सेटिंग्जमधून परवानग्या काढा, खातं हटवा आणि मगच अनइन्स्टॉल करा. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर खातं आणि त्यातली माहिती कंपनीकडे तशीच राहते.